पाचव्या भागातला हंबरडा

अर्ध्या गालावर साबणाचा फेस आणि दुसऱ्या गालावर वस्तऱ्याचं पातं अशा अवस्थेत चंद्रप्रकाश तावडेला कुणीतरी रडताना ऐकू आलं. पुरुषाचं रडणं. वाकोल्याच्या त्या सलूनमध्ये पंख्याची घरघर होती, बाहेर रिक्षांचे हॉर्न होते, तरी त्यातून ते सरळ आत आलं आणि त्याचा कान सवयीने कामाला लागला. साठीच्या आसपासचा माणूस. एके काळी विड्या ओढलेला. आवाज पोटातून येतोय, नाकातून नाही, म्हणजे खोटं नाही. आई गेली असेल? नाही, आईसाठी रडताना माणूस तोंड झाकतो, हे तोंड उघडं आहे. बायको असावी. बिचारा, असं त्याला वाटलं आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग ते रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, अगदी तसंच, श्वासाला श्वास लावून, आणि बाकड्यावर नंबर लावून बसलेला इसम खदखदून हसला. मोबाइलवर रील होतं. तव्यावर डोसा उलटताना फाटतो, बाई हताश होऊन कॅमेऱ्याकडे बघते आणि मागून हा हंबरडा. न्हावी वस्तरा तसाच हवेत धरून वाकून बघायला गेला. तोही हसला. "तो कोबाल्टवाला ना," तो म्हणाला, "झकास रडलाय साला." तेव्हा कुठे चंद्रप्रकाशच्या ध्यानात आलं की ज्याची आपण आत्ता कीव केली तो आपणच.

ओळख पटल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. छातीत धस्स, हाताला कापरं, गेला बाजार शरम तरी. त्याने आत जरा चाचपून बघितलं, रात्री वीज गेल्यावर माणूस फडताळात मेणबत्ती चाचपतो तसं. हाताला काहीच लागलं नाही. काम बरं झालंय, एवढाच एक निकोप शेरा तिथे होता. दाढी पुरी झाली, त्याने तोंड पुसलं आणि डोक्यावरून हात फिरवला. केस आता पेरभर वाढले होते. न्हाव्याने विचारलं, मारू का थोडे, सारखे करतो. तो नको म्हणाला. ते केस नलिनीच्या, गेलेल्या बायकोच्या नावाने उतरवलेले होते, ते परत कसे यावेत हे त्या केसांनीच ठरवावं, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पण सलूनमध्ये असं बोलत नाहीत.

कोबाल्ट म्हणजे इंग्रजी पिक्चरची एक माळ होती आणि तिच्यातल्या कॅप्टन वेल्डनला गेली बरीच वर्षं हिंदीत चंद्रप्रकाश आवाज देत होता. निळ्या धातूच्या यंत्रांची फौज भविष्यातून येते, तिचं नाव कोबाल्ट. पहिल्या भागात वेल्डन ती सगळी संपवतो. दुसऱ्यात ती तरीही येते. तिसऱ्यात जिवलग मित्र फितूर निघतो, चौथ्यात बायको आयरा स्फोटात मरते. माणसं मरण्याचा आणि परत येण्याचा या पिक्चरमधला व्यवहार चंद्रप्रकाशला तोंडपाठ होता. जो मरताना लांबलचक बोलतो तो परत येत नाही. जो न बोलता मरतो त्याच्याशी कंपनीचा अजून करार बाकी असतो. आयरा चौथ्या भागात एक अक्षर न बोलता गेली, तेव्हाच तो नलिनीला म्हणाला होता, ही येणार. नलिनी भाजी निवडत होती. तिने हे पिक्चर कधीच आवाज लावून पाहिले नाहीत. टीव्हीवर लागले की ती आवाज बंद करायची आणि नुसती चित्रं बघायची. गोऱ्या माणसाच्या तोंडातून आपला नवरा बोलतो हे तिला किळसवाणं वाटे. एकदा ती म्हणाली होती, त्या बाईशी एवढं लाडीगोडीने बोलता, आणि घरात तुमचं एकच वाक्य, मीठ कमी आहे. आणि त्या दिवशीही मीठ कमी होतं.

आणि आयरा आलीच. पाचव्या भागात यंत्रं तिच्या जुन्या आवाजावरून, आठवणींवरून तिची हुबेहूब प्रतिकृती बनवतात आणि वेल्डनच्या दाराशी आणून सोडतात. ती तशीच कॉफी करते, तशीच उशी दुमडून झोपते, तसंच टोचून बोलते. वेल्डनला कळतं आणि तरी तो तिला घरात ठेवतो. मध्ये अर्धा पाऊण तास नुसती मारामारी, दोन शहरं जमीनदोस्त. शेवटी कळतं की सगळ्या फौजेचं बटण तिच्याच मानेत आहे. ती स्वतः केस बाजूला करून मान पुढे करते. तो बटण दाबतो. मग खिडकीकडे वळून उभा राहतो आणि कॅमेऱ्याला त्याची फक्त पाठ दिसते. तिकडच्या समीक्षकांनी पिक्चर धुऊन काढला होता. दमलेली कथा, तीच यंत्रं, तोच निळा रंग, आता बंद करा दुकान. इकडे हिंदीत मात्र तो भांडुप, मुलुंड, घाटकोपरपर्यंत हाउसफुल चालला आणि सगळे बोलायला लागले ते त्या खिडकीतल्या हंबरड्याबद्दल. पहिल्या आठवड्यात लोक थिएटरात रडले, दुसऱ्यात त्यांनी ते रडणं मोबाइलमध्ये भरलं, तिसऱ्यात ते डोसे, नापास निकाल आणि हरलेल्या मॅचना लावलं. इंग्रजीत बघणाऱ्यांनी नाकं मुरडली: मूळ नट तिथे रडतच नाही, नुसता श्वास घेतो; हिंदीवाल्यांनी त्याचा तमाशा केला. यावर हिंदीवाल्यांनी त्यांच्या आयांचा उद्धार केला. चंद्रप्रकाश हे सगळं वाचत असे, शेजारच्या इमारतीतलं भांडण ऐकावं तसं.

इंग्रजीवाले खरं बोलत होते. तिथे नुसता श्वास होता. अंधेरीच्या स्टुडिओत काचेपलीकडे डबिंगचा दिग्दर्शक हर्षद बसला होता, अलीकडे अंधारात माइकसमोर चंद्रप्रकाश. नटाची पाठ कॅमेऱ्याकडे असली की ओठ दिसत नाहीत, मग तिथे वाटेल ते घालता येतं. या धंद्यात पाठ म्हणजे मोकळं रान. हर्षद सवयीने म्हणाला, "सीपी सर, आपल्या पब्लिकचं एवढ्याशा श्वासावर नाही भागायचं. पाठ आहे. द्या एक हंबरडा." आणि मग एकदम गप्प झाला. काचेतून चंद्रप्रकाशचं तुळतुळीत डोकं त्याला दिसत होतं. टोपी काढून ठेवावी लागली होती, वरून हेडफोन नीट बसत नव्हते. हर्षद चाचरत म्हणाला, राहू दे, श्वासच ठेवू. चंद्रप्रकाश म्हणाला, "लाव."

नलिनीचं दहावं अजून व्हायचं होतं. मुलगा नाही म्हणून अग्नी त्यानेच दिला होता आणि क्रिया त्यानेच धरली होती. क्रियेला बसलेल्या माणसाने उंबरा ओलांडायचा नसतो, कुणाला शिवायचं नसतं, चटईवर झोपायचं, एका कोपऱ्यात बसायचं आणि येईल जाईल त्याच्याकडे बघायचं. चंद्रप्रकाश त्या कोपऱ्यात बसून बघत राहिला होता. कोण किती रडलं हे त्याला नको असताना कळत होतं. नीलमवहिनी दारातून आत येईपर्यंत कोरड्या आणि आत पाऊल पडताच धो धो. समोरच्या अनुपमाताई कमी रडल्या पण चहाची भांडी रोज त्यांनी घासली. रुचिरा, त्याची एकुलती एक मुलगी, मुळीच आवाज न करता रडली, नुसते ओठ हलत होते. चाळीतल्या एका खोलीत वाढलेली पोर. रडायचं तर आवाज न करता, शेजारी ऐकतात, हे नलिनीने तिला लहानपणी शिकवलं होतं. आणि या सगळ्या जमाखर्चात त्याचं स्वतःचं पान कोरं होतं. इस्पितळात नाही, स्मशानात नाही, घरी नाही. नीलमवहिनी स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाल्या ते त्याने ऐकलं होतं: "बायको गेली, पण ह्येच्या डोळ्यात टिपूस नाय गो." त्याला वहिनींचा राग आला नाही. निरीक्षण बरोबर होतं.

अशात हर्षदचा फोन आला. बिचाऱ्याने सांत्वनासाठीच केला होता. बोलता बोलता निघालं की शेवटची दोन रिळं राहिलीत, तारीख जगभर एकच आहे, ती हलत नाही. पण तुम्ही काळजी करू नका सर, मी दुसरा कुणीतरी बघतो, जुळवून घेऊ. चंद्रप्रकाश म्हणाला, येतो. घरात त्याने सांगितलं, वॉर्ड ऑफिसात मृत्यूच्या दाखल्यासाठी स्वतः जावं लागतंय. क्रियेला बसलेल्या माणसाने असं बाहेर पडू नये हे सगळ्यांना माहीत होतं, पण सरकारी काम म्हटल्यावर धर्मही जरा सरकून बसतो. तो गेला तो पैशासाठी नाही, हे त्याला ठाऊक होतं. कशासाठी गेला हे ठाऊक नव्हतं. एवढंच की त्या अंधारात पुढचं वाक्य कोणतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि ते कधी म्हणायचं हे समोरचे ओठ सांगतात. घरातल्या कोपऱ्यात त्याला कुणी काहीच सांगत नव्हतं.

हे कधी कुणाला कळलं नसतं. पण हंबरडा गाजला तसा कंपनीने जाहिरातीसाठी स्टुडिओतला एक तुकडा सोडला, पडद्यामागचा आवाज म्हणून. त्यात काचेआड चंद्रप्रकाश उभा, डोकं तुळतुळीत, घशाच्या शिरा ताणलेल्या. लाखो लोकांना वाटलं, पात्रासाठी टक्कल केलं, काय निष्ठा! रुचिराला डोकं कधी उतरवलं ते माहीत होतं आणि केस यायला किती दिवस लागतात तेही. तिने फोन करून एकच विचारलं, हे दाखल्याच्या दिवशीचं का. तो हो म्हणाला. तिने फोन ठेवला. त्याआधी तिचा रोज फोन येई, पप्पा आमच्याकडे मुलुंडला राहायला या, मागची खोली रिकामीच आहे. त्यानंतर मागच्या खोलीचं नाव निघालं नाही, आणि फोनही आला नाही. वाकोल्याच्या घरात तो एकटा टीव्ही लावायचा, आवाज बंद करून.

सलूनमधून तो घरी आला, कुकर लावला, आणि शिटीची वाट बघत असताना रुचिराचा फोन आला. नमस्कार चमत्कार काही नाही. ती म्हणाली की नवऱ्याने इंग्रजीतला पिक्चर पाहिला, तिथे तो माणूस रडतच नाही. "मग ते रडणं कुणाचं, पप्पा?" त्याने कुकरखालचा गॅस बारीक केला. ती म्हणाली, "मला ते मोबाइलवर नाही, मोठ्या पडद्यावर ऐकायचंय. तुमच्या शेजारी बसून. मग मी ठरवीन." काय ठरवशील, असं त्याने विचारलं नाही. रविवारची दुपारची तिकिटं तिने आधीच काढली होती.

रविवारी मुलुंडला मॉलच्या दाराशी ती उभी होती. अंगावर नलिनीची पिवळी ओढणी. तिने त्याच्या डोक्याकडे बघितलं, केसांकडे, आणि नजर काढून घेतली. आत दोघांनी मधल्या रांगेतल्या खुर्च्या धरल्या. तिने पॉपकॉर्न घेतलं नाही, त्याने पाणी घेतलं. पिक्चर सुरू झाला आणि वेल्डन त्याच्या आवाजात बोलायला लागला. चंद्रप्रकाशला स्वतःच्या चुका दिसत गेल्या: इथे 'ण' जरा कोकणी राहिला, इथे ओठ आधी मिटले आणि शब्द नंतर संपला. रुचिरा पडद्याकडे बघत नव्हती. ती मान खाली घालून नुसती ऐकत होती. आईच्या अगदी उलट, हे त्याच्या मनात आलं आणि तिथेच पडून राहिलं. आयरा दारात आली. आयराने कॉफी केली. आयरा म्हणाली, तू नेहमी उशिरा येतोस. रुचिराने खुर्चीचा हात घट्ट धरला.

शेवट जवळ आला तशी थिएटरात कुजबुज सुरू झाली. लोकांना माहीत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आला रे आला. आयराने केस बाजूला केले, वेल्डनने बटण दाबलं, तो खिडकीकडे वळला; आणि हंबरडा सुरू व्हायच्या आधीच सगळं थिएटर हंबरलं. शेकडो माणसं, मुलं, बाया, एका सुरात, एका श्वासात, पाठ केल्यासारखी. मग टाळ्या, शिट्ट्या, हशा. त्यात पडद्यावरचा आवाज कुठे गेला ते कळलंच नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाने तर उभं राहून छातीवर हात आपटून घेतले. चंद्रप्रकाशने पाहिलं की लोकांनी श्वास अचूक घेतला होता, तिसऱ्या आवर्तनाआधीचा तो छोटा हुंदकासुद्धा त्यांनी सोडला नव्हता. तालीम चांगली झाली होती. त्याला वाटलं आपणही हसू, आणि खरंच त्याच्या तोंडाचे कोपरे थोडे वर गेले. मग त्याला शेजारी रुचिराचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती, रडत नव्हती. घरात चोर शिरून भांडीकुंडी बाहेर फेकतायत आणि आपण नुसतं बघतोय, असा तो चेहरा होता. जे ऐकायला ती आली होती तेच नेमकं तिला ऐकू आलं नव्हतं.

बाहेर ऊन कडक होतं. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाची गाडी, तिच्या शेजारी बंद दुकानाची पायरी; ती दोघं तिथे टेकली. मॉलमधून सुटलेली माणसं पुढून जात होती, मध्येच कुणीतरी हंबरडा फोडून मित्राच्या खांद्यावर कोसळत होतं. ती खूप वेळ ओढणीचा काठ दुमडत राहिली. मग म्हणाली, "सांगा आता. आईसाठी होतं ना ते?"

हो म्हणणं किती सोपं आहे ते त्याला स्पष्ट दिसलं. एक अक्षर. मागची खोली, रोजचा फोन, पोरीचा जीव, सगळं त्या एका अक्षरावर टांगलेलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्याची खोटी वाक्यं खऱ्या आवाजात म्हटली होती, एक आणखी. शिवाय ते अगदीच खोटं होतं असंही नाही. पण त्याला तो दिवस नको इतका स्वच्छ आठवत होता. पहिल्या वेळी घसा बसलेला निघाला. दुसऱ्या वेळी आवाज फाटला, काचेपलीकडे यंत्राची सुई लाल पट्ट्यात गेली. हर्षद हळूच म्हणाला, वापरता येणार नाही सर, आवाज फुटतोय. मग तिसरा.

"रुचिरा," तो म्हणाला, "जे पिक्चरमध्ये आहे ना, ते देताना मी माइकपासून अर्धं पाऊल मागे सरलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज फुटू नये म्हणून. मला शुद्ध होती गं. रडणारा माणूस मागे सरकत नाही."

तो पुढे सांगत गेला, एखाद्या इमारतीची गळती दाखवावी तशा सुरात: आधीचा एक फाटला होता, तो कसा होता ते मला माहीत नाही, पुसून टाकला त्यांनी, तो आईसाठी होता की नव्हता हेही माहीत नाही, मी तिथे का गेलो ते माहीत नाही, तुला खोटं सांगितलं ते मात्र माहीत आहे. बोलणं संपलं तेव्हा त्याला हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.

"मग आत्ता रडा," रुचिरा म्हणाली.

तो समजला नाही.

"आत्ता. इथे. माझ्यासमोर. माइक नाही, हर्षद नाही, कुणी मागितलेलं नाही. आईला जाऊन एवढे दिवस झाले, पप्पा, मी तुम्हाला एकदाही..."

त्याने प्रयत्न केला. अगदी मनापासून, प्रामाणिकपणे केला, कामात कधी चुकारपणा न केलेला माणूस करतो तसा. पोटातून श्वास घेतला. घसा मोकळा केला. नलिनीला समोर आणायचा यत्न केला. आली ती भाजी निवडत आली, आणि तिने वर बघितलं नाही. श्वास तसाच परत गेला. त्याने पुन्हा घेतला. शेवटी तो अगतिकपणे म्हणाला, "असं नाही येत गं. समोर कुणाचे तरी ओठ हलावे लागतात."

हे ऐकून तिने चिडायला हवं होतं. तसं काही बोलायला तिने तोंड उघडलंही. पण शब्दांऐवजी तिचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला, मग दोन्ही, मग हनुवटी, आणि ती रडायला लागली, तिच्या त्याच रीतीने, आवाजाचा कणही न सांडता. ओठ उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. चंद्रप्रकाशची नजर तिथे जाऊन बसली. त्याने ठरवलं नव्हतं. जन्मभराची सवय होती, ओठ दिसले की पाठोपाठ जायचं. तिने श्वास ओढला तिथे त्याचा श्वास ओढला गेला. तिचं तोंड उघडलं आणि त्याच्या घशातून एक बारीक, चिरका, ओळखू न येणारा आवाज निघाला. पिक्चरमधला नव्हे, कुठल्याच पिक्चरमध्ये चालला नसता असा. तो तिच्या ओठांवर बरोबर बसला. पुढचा त्याहून मोठा आला. रसवाल्याने चरक थांबवला. मॉलमधून आलेल्या दोन पोरी हसत थबकल्या, आणि हे ते नाही हे कळून पुढे गेल्या.

रुचिराने त्याचं मनगट धरलं. "पप्पा, हळू," ती ओठांनीच म्हणाली, "लोक बघतायत."

त्याला ते कळलं. हळू करायला हवं हेही पटलं. पण तिचं तोंड अजून थांबलं नव्हतं, आणि ते थांबेपर्यंत त्याला थांबता येणार नव्हतं.